अतिआदर्श पात्र ओळखण्याच्या प्रश्नावल्या कितपत उपयोगी आहेत?

मला आलेला प्रश्न असा आहे : एका नवोदित लेखिकेने काल्पनिक मध्ययुगीन राज्यात घडणारी कादंबरी लिहायला घेतली आहे. तिची नायिका ईश्वरी ही किल्लेदाराच्या घरी वाढलेली अनाथ मुलगी असून वयाच्या एकोणिसाव्या वर्षी ती दांडपट्ट्यात आणि घोडेस्वारीत निष्णात आहे, तिला पाच भाषा येतात, तिच्या एका डोळ्याचा रंग दुसऱ्यापेक्षा वेगळा आहे, आणि स्वराज्याचा राजपुत्र व शत्रूचा सेनापती असे दोघेही तिच्यावर अनुरक्त आहेत. मैत्रिणीच्या सांगण्यावरून लेखिकेने इंटरनेटवरच्या दोन ‘मेरी सू चाचण्या’, म्हणजे पात्र अतिआदर्श झाले आहे का हे सांगणाऱ्या प्रश्नावल्या, सोडवल्या. एकीने ईश्वरी दुरुस्तीच्या पलीकडे गेल्याचा निकाल दिला, तर दुसरीने काळजीचे कारण नाही असे सांगितले. आता नायिका बदलावी की चाचणी विसरून जावी, आणि अशा चाचण्यांचा मुळात काही उपयोग असतो का, हे त्यांना जाणून घ्यायचे आहे.

मी अनेक वर्षे कथा-कादंबऱ्यांची हस्तलिखिते संपादनासाठी वाचत आले आहे आणि नव्याने लिहू लागलेल्यांच्या कार्यशाळाही घेते. त्या अनुभवावरून माझे मत आधीच सांगते : या प्रश्नावल्यांमधले बरेचसे प्रश्न कामाचे असतात, त्यांची बेरीज मात्र कामाची नसते. पात्र देखणे, हुशार, शूर किंवा दुर्दैवी असल्यामुळे अतिआदर्श होत नाही. कथेतली बाकीची माणसे आणि घटना आपला स्वभाव सोडून त्या पात्रापुढे वाकू लागल्या, म्हणजे ते अतिआदर्श होते. प्रश्नावली पात्राच्या अंगावरची लक्षणे मोजते, आणि दोष असतो तो पात्र व कथा यांच्या नात्यात. हे नीट कळण्यासाठी मेरी सू हे नाव कोठून आले, तेथपर्यंत जावे लागेल.

‘स्टार ट्रेक’ ही एका अंतराळजहाजावर घडणारी दूरचित्रवाणी मालिका अमेरिकेत १९६६ ते १९६९ या काळात दाखवली गेली. ती सुरू असतानाच तिच्या चाहत्यांनी स्वतः छापलेल्या छोट्या नियतकालिकांतून, म्हणजे फॅनझीनमधून, त्याच पात्रांच्या नव्या कथा लिहिण्यास सुरुवात केली, आणि लिहिणाऱ्यांमध्ये स्त्रियांची संख्या मोठी होती. ‘मेनॅजरी’ नावाच्या अशाच एका फॅनझीनच्या संपादिका पॉला स्मिथ यांच्याकडे एकाच साच्याच्या कथा पुन्हा पुन्हा येऊ लागल्या. १९७३ साली त्यांनी त्या साच्याचे विडंबन करणारी एक अगदी छोटी कथा लिहिली. तिची नायिका लेफ्टनंट मेरी सू ही ताफ्यातली सर्वांत तरुण अधिकारी असून केवळ साडेपंधरा वर्षांची आहे. कर्णधार कर्क तिला पाहताच प्रेम व्यक्त करतो, ती नकार देते, तरी तो जहाज तिच्या हाती सोपवून कॉफी आणायला निघून जातो. कोणाच्याही भावनेला न बधणारा स्पॉक तिचा तर्क निर्दोष ठरवतो. शत्रूच्या कैदेत ती केसांतल्या पिनेने कुलूप उघडते, सगळे वरिष्ठ अधिकारी आजारी पडल्यावर एकटी जहाज चालवते, त्यासाठी तिला नोबेल शांतता पारितोषिक मिळते, आणि शेवटी ती सर्वांना रडवत प्राण सोडते. तिचा जन्मदिवस त्या जहाजावर सुट्टीचा दिवस ठरतो.

या विडंबनात हसू नेमके कशाचे येते, हे पाहण्यासारखे आहे. साडेपंधरा हा आकडा विनोदी आहेच, पण खरा विसंगत माणूस तेथे कर्णधार कर्क आहे. ज्या कर्काला वाचक मालिकेतून ओळखत होता, तो आपले जहाज एका अनोळखी मुलीच्या हाती देऊन कॉफीसाठी जाणार नाही, आणि स्पॉक इतक्या सहज कोणाला दाद देणार नाही. म्हणजे मेरी सूच्या असण्याने बाकीचे सगळे बिघडले आहेत, हे स्मिथ यांनी अचूक दाखवले होते. पुढे ज्यांनी चाचण्या बनवल्या त्यांनी या कथेतून वय, अर्धे परग्रहवासी असणे, देखणेपणा आणि करुण मृत्यू ही मोजता येण्यासारखी लक्षणे उचलली. कर्काचे कॉफीला जाणे मोजता येत नव्हते, म्हणून ते बहुतेक यादीबाहेर राहिले.

या चाचण्या नव्वदच्या दशकात, फॅन फिक्शन छापील फॅनझीनमधून इंटरनेटवर येऊ लागले तेव्हा तयार झाल्या. ‘गार्गॉइल्स’ या अॅनिमेशन मालिकेच्या चाहत्यांसाठी केलेली चाचणी ही सुरुवातीच्या चाचण्यांपैकी एक होती, आणि पुढे वेगवेगळ्या मालिकांसाठी तसेच स्वतंत्र कादंबऱ्यांसाठीही अशा चाचण्या निघाल्या. त्यांची रचना सर्वसाधारणपणे सारखी असते. पात्राचे नाव लेखकाच्या नावाशी जुळते का, डोळ्यांचा किंवा केसांचा रंग असाधारण आहे का, आईवडील वारले आहेत का, पात्राला एखादी विद्या शिकल्याशिवायच येते का, मुख्य पात्रांपैकी एकाहून अधिक जण त्याच्या प्रेमात पडतात का, ते मेल्यावर सगळे शोकात बुडतात का, असे प्रश्न असतात. प्रत्येक होकाराला ठरलेले गुण असतात, काही चाचण्यांत शेवटी गुण वजा करणारा एक भाग असतो, आणि मग बेरजेनुसार निकाल दिला जातो.

आपल्याला दोन चाचण्यांनी परस्परविरुद्ध निकाल का दिले, याचे उत्तर या रचनेतच आहे. मानसशास्त्रातली एखादी प्रमाणित चाचणी तयार करताना प्रत्येक प्रश्न आधी मोठ्या गटावर तपासला जातो, त्याचे वजन आकडेवारीवरून ठरते, आणि तीच व्यक्ती पुन्हा चाचणीला बसली तर निकाल साधारण तसाच येतो का हेही पाहिले जाते. या प्रश्नावल्यांच्या मागे असे काहीही नसते, आणि त्या बनवणाऱ्यांनी तसा दावाही केलेला नसतो. ज्या व्यक्तीने चाचणी केली तिने वाचलेल्या वाईट कथांमध्ये जांभळ्या डोळ्यांच्या नायिका फार असतील, तर जांभळ्या डोळ्यांना अधिक गुण पडतात. ज्या व्यक्तीला प्रेमत्रिकोणाचा कंटाळा आला असेल, तिच्या चाचणीत प्रेमत्रिकोण महाग पडतो. म्हणून दोन निकालांपैकी कोणता खरा, हा प्रश्नच सोडून द्यावा. दोन्ही निकाल ईश्वरीविषयी फार थोडे आणि चाचणीकर्त्याच्या वाचनाविषयी बरेच काही सांगतात.

याचे एक उदाहरण आपल्या नायिकेच्या बाबतीतच आहे. पाच भाषा येणे हे इंग्रजीतल्या अनेक चाचण्यांत संशयास्पद लक्षण असते, कारण ज्या समाजात बहुतेक माणसे एकाच भाषेत आयुष्य काढतात तेथे बहुभाषिक नायिका ही लेखकाने दिलेली देणगी वाटते. दख्खनमधल्या एखाद्या किल्ल्यावर वाढलेल्या मुलीची गोष्ट वेगळी आहे. घरात मराठी, शिबंदीतल्या शिपायांशी दख्खनी, दप्तरात फारसी, बाजारात कानडी किंवा तेलुगू कानावर पडणे तेथे स्वाभाविक होते. आजही गोव्यातला सामान्य माणूस कोकणी, मराठी, हिंदी आणि इंग्रजी यांमध्ये सहज ये-जा करतो, आणि त्याला कोणी असामान्य म्हणत नाही. तेव्हा ईश्वरीच्या भाषांना पडलेले गुण आपण निर्धास्तपणे पुसून टाकावेत. मात्र तिला फारसी कोणी आणि का शिकवली, हे कादंबरीत कोठे तरी आले पाहिजे, कारण तो प्रश्न चाचणीचा नसून वाचकाचा आहे.

निर्दोष पात्राला दोषी ठरवणे ही या चाचण्यांची सर्वांना ठाऊक असलेली मर्यादा आहे. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे घ्या. बनेश फेणे हा फुरसुंगीचा किडकिडीत शाळकरी मुलगा जातो तेथे काही ना काही घडतेच, मोठ्यांना न सुटलेले कोडे त्याला सुटते, त्याला खास टोपणनाव आहे आणि स्वतःचा खास ‘टॉक्’ असा उद्गारही आहे. चाचणीत त्याला बरेच गुण पडतील. तरीही मराठीतल्या मुलांच्या पिढ्यांनी त्याच्यावर जीव लावला, कारण साहसकथेच्या वाचकाला असाच नायक हवा असतो आणि संकटे त्या नायकाला सवलत देत नाहीत. साहित्यप्रकार कोणता आहे हे विचारात न घेता लक्षणे मोजली, की असे घडते.

आपल्या परंपरेत तर गुणांची यादी ही नायकाची पात्रता होती. दहाव्या शतकातल्या धनंजयाने ‘दशरूपका’त नायकाच्या अंगी विनय, माधुर्य, त्याग, दक्षता, प्रिय वाणी अशा अनेक गुणांची अपेक्षा केली आहे आणि धीरोदात्त, धीरललित, धीरप्रशांत, धीरोद्धत असे नायकाचे प्रकार सांगितले आहेत. वाल्मीकी रामायणाच्या आरंभी वाल्मीकी नारदांना विचारतात की सर्व सद्गुण एकत्र असलेला पुरुष या काळात कोण आहे, आणि तेथूनच रामकथा सुरू होते. म्हणजे अतिआदर्शता हाच त्या काव्याचा उघड विषय आहे. मग ते काव्य टिकते कशावर? माझ्या मते ते अशा प्रसंगांवर टिकते, जेथे कथा रामाला जाब विचारू देते. किष्किंधाकांडात बाण लागून पडलेला वाली रामाला विचारतो की दुसऱ्याशी लढत असलेल्या मला तू का मारलेस, आणि त्याचा युक्तिवाद इतका भक्कम आहे की रामाने दिलेल्या उत्तरावर आजही वाद होतो. महाभारतात युधिष्ठिराचा रथ त्याच्या सत्यनिष्ठेमुळे जमिनीपासून चार अंगुळे वर चालत असे. ‘नरो वा कुंजरो वा’चा प्रसंग घडला आणि तो रथ जमिनीला टेकला. धर्मराजाच्या बाबतीतही जगाने नियम वाकवला नाही. आदर्श पात्र लिहिण्याची इच्छा असलेल्या प्रत्येकाने हे दोन प्रसंग लेखकाच्या नजरेने पुन्हा वाचावेत असे मला मनापासून वाटते.

खऱ्या दोषाला निर्दोष ठरवणे ही दुसरी मर्यादा आहे. तिच्याविषयी कमी बोलले जाते, आणि मराठीत लिहिणाऱ्यांसाठी तीच अधिक महत्त्वाची आहे. प्रतिलिपीसारख्या मंचांवर किंवा दिवाळी अंकांकडे येणाऱ्या साहित्यात जांभळ्या डोळ्यांच्या नायिका थोड्या असतात. आपली अतिआदर्श पात्रे साध्या कपड्यांत येतात. आडगावी बदलून आलेला शिक्षक, लाच न घेणारा तहसीलदार, सगळे सोसून हसत राहणारी सून, मुलांसाठी झिजणारी आई, परदेशातली नोकरी सोडून शेतीकडे वळलेला तरुण ही त्यांची रूपे. यांतल्या शिक्षकाला चाचणीत बसवून पाहा. त्याचे नाव साधे, रूप साधे, अंगात कोणतीही दैवी शक्ती नाही, प्रेमप्रकरण नाही, त्यामुळे तो जवळजवळ शून्य गुण घेऊन बाहेर पडेल. आणि हस्तलिखितात तोच शिक्षक दुसऱ्या प्रकरणात पारावर एक भाषण करतो, ते ऐकून गावातले पुरुष दारू सोडतात, सरपंच डोळे पुसतो आणि वर्षानुवर्षे शाळेत न गेलेल्या मुली दुसऱ्या दिवशी दप्तर घेऊन रांगेत उभ्या राहतात. कर्क कॉफीला गेला तसा येथे सगळा गाव कॉफीला गेला आहे, पण चाचणीला ते दिसत नाही, कारण ती गावाविषयी काही विचारतच नाही.

याच्या उलट साने गुरुजींची ‘श्यामची आई’ पाहावी. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या या पुस्तकातली आई आदर्श आहे, आणि लेखकाने ते कोठेही लपवलेले नाही. तरीही ती खोटी वाटत नाही. तिच्या चांगुलपणामुळे सावकार मऊ होत नाही, कर्ज फिटत नाही, जप्ती टळत नाही, आणि आजार तिला सोडत नाही. तिचे जग तिच्याशी इतर कोणाही गरीब बाईशी वागावे तसेच वागते. त्या पुस्तकातल्या भावनेची मात्रा कोणाला अधिक वाटेल, तो आवडीचा भाग झाला. परंतु त्या आईला अतिआदर्श म्हणून बाद करता येणार नाही.

गुण वजा करणाऱ्या भागाविषयी थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण सर्वांत जास्त नुकसान तेथे होते. पात्रात काही उणीव असेल तर गुण कमी होतात असे दिसले, की लेखक उणिवा चिकटवू लागतो. नायिका धांदरट होते, तिला स्वयंपाक येत नाही, तिला पालीची भीती वाटते, ती फटकळ आहे असे दोनदा सांगितले जाते. बेरीज खाली येते आणि कथा होती तेथेच राहते, कारण या उणिवांची किंमत कोणालाही मोजावी लागलेली नसते. फटकळपणा ही उणीव तेव्हा होते, जेव्हा ईश्वरीच्या एका वाक्यामुळे एखादा जुना निष्ठावंत हवालदार किल्ला सोडून जातो आणि पुढे वेढ्याच्या रात्री त्याची जागा रिकामी असते. तशी किंमत नसेल तर तोच फटकळपणा वाचकाला नायिकेचे आणखी एक लाडके वैशिष्ट्य म्हणून दाखवला जात असतो. संपादक म्हणून मला चिकटवलेल्या उणिवांपेक्षा उघडपणे गुणसंपन्न असलेले पात्र अधिक चालते, कारण त्यावर काम करता येते.

या चाचण्यांचा स्त्री-लेखकांवर झालेला परिणामही नोंदवला पाहिजे. कमिल बेकन-स्मिथ यांनी चाहत्यांच्या लेखनविश्वाचा अभ्यास करून १९९२ साली ‘एंटरप्रायझिंग विमेन’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. आपल्या पात्राला मेरी सू म्हटले जाईल या धास्तीने अनेक लेखिका कर्तबगार स्त्री-पात्र लिहिणेच टाळतात, हे त्यांनी त्यात मांडले आहे. हे गंभीर आहे. कोणत्याही मुलीची पहिली कथा बहुधा स्वतःला मोठे करून पाहण्याची असते, आणि मुलग्यांच्या बाबतीतही तेच खरे आहे. अशा वयात हाती आलेली निकाल देणारी चाचणी लेखनाची दुरुस्ती करण्यापेक्षा लेखन बंद पाडण्याची शक्यता जास्त असते. म्हणून मी शाळा-महाविद्यालयातल्या मुलांच्या कार्यशाळेत या चाचण्या कधीही देत नाही, आणि शिक्षकांनीही देऊ नयेत असे आग्रहाने सांगते.

पुरुष-पात्रांना मात्र बराच काळ सवलत मिळत आली, आणि तेही व्यावसायिक लेखनात. १९८७ साली ‘स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन’ ही नवी मालिका सुरू झाली. तिच्यात वेस्ली क्रशर नावाचा किशोरवयीन मुलगा अनुभवी अधिकाऱ्यांना न सुटलेल्या अडचणी सोडवू लागला. मालिकेच्या निर्मात्याचे पूर्ण नाव यूजीन वेस्ली रॉडनबेरी असे होते. पात्राचे नाव आपल्या नावाशी जुळते का, हा चाचणीतला सर्वांत साधा प्रश्न येथे किती नेमका लागू पडतो पाहा. प्रेक्षकांपैकी अनेकांना वेस्ली आवडला नाही, आणि त्यांच्या तक्रारीचे मूळ त्याच्या हुशारीत नव्हते. जहाजावरच्या जाणत्या माणसांनी त्याचे म्हणणे ऐकून न घेता चुका कराव्यात, म्हणजे तो बरोबर ठरावा, अशी प्रसंगांची मांडणी त्यांना खटकत होती. या उदाहरणात प्रश्नावलीचा खरा उपयोगही दिसतो. नावाविषयीचा प्रश्न लेखकाला क्षणभर थांबवतो आणि या पात्रात माझे काय गुंतले आहे, हे स्वतःला विचारायला लावतो. तेवढे काम कोणतीही प्रश्नावली करू शकते, आणि ते लहान काम नाही.

तेव्हा चाचणी वापरायची असेल तर ती पहिला मसुदा पूर्ण झाल्यावर, स्वतःच्याच लेखनावर आणि निकाल न पाहता वापरावी. लिहिण्याआधी वापरली तर पात्र भीतीतून घडते. दुसऱ्याच्या लेखनावर वापरली तर ती शिक्का मारण्याचे साधन होते आणि चर्चा तेथेच संपते. मसुद्यानंतर मात्र होकारार्थी आलेले प्रत्येक उत्तर घेऊन हस्तलिखितातल्या त्या जागी परत जावे आणि तेथे बाकीची माणसे काय करीत आहेत ते पाहावे. मी लेखकांना साधी पद्धत सांगते : दुसऱ्या पात्राच्या तोंडून किंवा निवेदकाकडून नायिकेची स्तुती होते ती प्रत्येक जागा रंगीत पेन्सिलीने अधोरेखित करावी, आणि तिला कोणी नकार देते, दुर्लक्षिते किंवा तिच्यावर मात करते ती जागा दुसऱ्या रंगाने. पहिल्या रंगाची पाने सलग येऊ लागली की काय करायचे ते लेखकाला सांगावे लागत नाही. त्यानंतर एकच प्रश्न विचारावा, जो मला कोणत्याही चाचणीत ठळकपणे आढळलेला नाही : संपूर्ण कादंबरीत नायिकेचे म्हणणे चुकीचे वाटणारा असा एक तरी माणूस आहे का, जो मूर्खही नाही आणि दुष्टही नाही? अतिआदर्श पात्रांच्या कथांमध्ये विरोध करणारे सगळे एक तर मत्सरी असतात, नाही तर शेवटी पश्चात्ताप करतात. वालीसारखा माणूस तेथे नसतो.

आता ईश्वरीकडे येऊ. डोळ्याच्या रंगाला चाचणीने पुष्कळ गुण दिले असतील, पण कादंबरीच्या दृष्टीने ती किरकोळ बाब आहे. वेगळ्या रंगाचा डोळा अपशकुनी मानून किल्ल्यावरच्या बायका तिला ओटी भरण्याच्या प्रसंगी दूर ठेवीत असतील, किंवा वेषांतर करून शत्रूच्या छावणीत जाणे तिला त्यामुळे अशक्य होत असेल, तर तो ठेवावा. नुसताच सुंदर दिसत असेल तर काढावा. कोणताही निर्णय घेतला तरी कादंबरीचा सांगाडा हलणार नाही. अनाथ असण्याचेही तसेच आहे. जुन्या काळच्या कथेत पोरकी मुलगी असणे स्वाभाविक आहे. फक्त तिला सांभाळणाऱ्या किल्लेदाराच्या घरात तिच्या येण्याने कोणाचे काय कमी झाले, हे आपण लिहिले आहे का ते पाहावे. किल्लेदाराला स्वतःचा मुलगा असेल आणि त्याच्या वाट्याचा घोडा ईश्वरीला मिळाला असेल, तर त्या मुलाचा राग रास्त आहे, आणि तो रास्तच राहू द्यावा.

दांडपट्ट्याविषयी एक तांत्रिक गोष्ट लक्षात घ्यावी. पट्ट्याचे पाते लांब आणि लवचिक असते, त्याची मूठ हाताच्या पुढच्या भागावर खोळीसारखी बसते, आणि मनगटाला मोकळीक नसल्याने सगळी हालचाल खांद्यातून व कंबरेतून करावी लागते. हे शिकायला वर्षे लागतात आणि शिकताना स्वतःला इजा होते. एकोणिसाव्या वर्षी निष्णात असलेल्या मुलीने बालपणी काय सोडले, तिच्या अंगावर कोठे व्रण आहेत, तिला कोणी शिकवले आणि त्याने तिच्यात काय कमी पाहिले, एवढे आले की तिचे कौशल्य वाचकाला कमावलेले वाटेल. चाचणीच्या भाषेत गुण तेवढेच राहतील.

माझी खरी शंका सेनापतीविषयी आहे. दोन पुरुषांनी एकीवर प्रेम करणे हा दोष नाही, जगातल्या निम्म्या कथा त्यावर उभ्या आहेत. परंतु आपण पाठवलेल्या कथासारात हा सेनापती अकराव्या प्रकरणात जिंकत आलेला वेढा ईश्वरीला तटावर पाहून उठवतो. त्याच्या मागे आठ महिन्यांची मोहीम आहे, छावणीत उपाशी सैन्य आहे, दरबारात त्याचे प्रतिस्पर्धी टपलेले आहेत, आणि आपणच आधीच्या प्रकरणांत तो थंड डोक्याचा हिशेबी माणूस असल्याचे उत्तम रीतीने दाखवले आहे. असा माणूस त्या एका दर्शनाने वेढा उठवतो तेव्हा ईश्वरी मोठी होत नाही, तो लहान होतो, आणि त्याच्याबरोबर इतका वेळ उभारलेला सगळा धोका नाहीसा होतो. हे एक प्रकरण मला दोन्ही चाचण्यांच्या बेरजांपेक्षा अधिक महत्त्वाचे वाटते, आणि दोन्ही चाचण्यांनी त्याची दखल घेतलेली नाही.

म्हणून पुनर्लेखनाची सुरुवात तेथून करावी. अकरावे प्रकरण सेनापतीच्या बाजूने लिहून पाहावे, जरी ते अंतिम मसुद्यात त्या रूपात राहणार नसले तरी. त्याला ईश्वरी आवडते हे कायम ठेवावे, आणि तरीही त्याला पहाटे सुरुंग उडवण्याचा हुकूम देऊ द्यावा. बुरूज ढासळला की ईश्वरीला किल्ला वाचवण्यासाठी काही तरी द्यावे लागेल : पाणी, माणसे, शब्द किंवा ज्याच्या घोड्यावर ती वाढली त्या किल्लेदाराच्या मुलाचा जीव. यांपैकी काय द्यायचे ते आपणच ठरवू शकता, कारण या माणसांना आपण माझ्यापेक्षा चांगले ओळखता. तेवढे झाले की बाराव्या प्रकरणापासून पुढची ईश्वरी बरीच बदललेली असेल आणि राजपुत्राच्या प्रसंगांपैकी काही आपोआप गळून पडतील. डोळ्याचा रंग, भाषा आणि नावाचा अर्थ यांकडे त्यानंतर पाहावे, आणि प्रश्नावली पुन्हा उघडायची असेल तर तीही तेव्हाच उघडावी, प्रश्न वाचावेत, हस्तलिखितातल्या त्या त्या पानावर जावे आणि निकालाचे बटण दाबू नये.